खाणीच्या पाण्यातला रस्ता

आमच्याकडे दर वर्षी थंडीच्या दिवसांत पाण्याखालच्या फोटोंची एक स्पर्धा होते. फार मोठी नाही. शनिवार-रविवार असे दोन दिवस. त्या दोन दिवसांत काढलेलेच फोटो द्यायचे, वर आल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड आयोजकांच्या हातात ठेवायचं, फोटो कापायचा नाही की सजवायचा नाही, एवढेच नियम. गोव्याच्या समुद्राचं पाणी तसं गढूळ. स्वच्छ पाणी हवं असलेले लोक मालवणला जातात. इथं हात लांब केला आणि बोटं दिसली तर दिवस चांगला म्हणायचा. त्यामुळे आमचे फोटो सगळे जवळचे: खडकाला चिकटलेली गोगलगाय, भोकातून डोकावणारा वाम, खेकड्याचे डोळे. मी पेडण्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. वर्षभर फळ्यावर जे काढते ते त्या दोन दिवसांत जिवंत बघायला मिळतं, म्हणून जाते. बक्षीस मला कधी मिळालं नव्हतं.

पाण्याखाली एकटं जायचं नसतं, जोडीदार लागतो. माझा जोडीदार चोपड्याचा. घरची होडी, घरची जाळी. मासेमारी कमी झाली तशी त्यानं पर्यटकांना पाण्याखाली न्यायला सुरुवात केली. मला डायव्हिंग त्यानंच शिकवलं. माणूस कमी बोलतो, आणि पाण्याखाली तो बाजूला असला की मला भीती वाटत नाही.

त्या वर्षी स्पर्धेच्या आधी म्हापशात सगळ्यांची बैठक झाली. आयोजकांपैकी एकानं सांगितलं, यंदा एक नवा विभाग आहे, गोड्या पाण्याचा. डिचोली तालुक्यातली एक बंद पडलेली खाण पाण्यानं भरली आहे, मालकांची आणि पंचायतीची परवानगी मिळाली आहे, पाणी काचेसारखं आहे. मग त्यानं खाण कुठल्या गावातली ते सांगितलं.

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. जोडीदार समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. बैठक संपून आम्ही बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "तू समुद्राच्या विभागात नाव दे. खाणीत मी दुसऱ्या कुणाबरोबर जाईन."

मी म्हटलं, "माझं नाव देऊन झालंय."

त्या खाणीत माझा दादा गेला होता.

गेला असं आता मी सरळ लिहिते. घरात मात्र हा शब्द कुणी वापरत नव्हतं. आमचे वडील सावंतवाडीकडचे. खाणीचा ट्रक चालवायला गोव्यात आले आणि धारगळला हायवेपासून आत घर बांधून राहिले. ते वारल्यावर दादानं ट्रक धरला. खाणीच्या तळापासून लोखंडाची लाल माती भरायची, वळणावळणाच्या रस्त्यानं वर आणायची, नदीवर बार्जमध्ये ओतायची, परत खाली. त्याच्या शर्टाच्या कॉलरची लाली कधी धुऊन गेली नाही. मग खाणी बंद झाल्या. ट्रक गेला. खाणीत पाणी उपसणारं कुणी राहिलं नाही, तसं ते चढत गेलं आणि काही पावसाळ्यांत तिचं तळं झालं. खालच्या गावाच्या कुळागरांना, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांना, उन्हाळ्यात त्या तळ्याचं पाणी देऊ लागले. लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून तराफा केला, त्यावर डिझेलचा पंप बसवला, आणि तो पंप चालवायचं काम दादाला मिळालं. ज्या रस्त्यानं तो वीस वर्षं ट्रक खाली नेत होता त्या रस्त्याच्या वर आता तो तराफ्यावर बसायचा.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, कुळागरातला माणूस पाणी कमी का झालं म्हणून बघायला वर आला. पंप चालू होता. तराफ्यावर दादाच्या चपला होत्या, पंपाच्या दांड्याला शर्ट अडकवलेला होता. दादा नव्हता. माणसानं हाका मारल्या, मग गावात पळत गेला. डिझेल संपेपर्यंत पंप तसाच चालू राहिला म्हणे, बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

अग्निशामक दलाचे लोक आले, पाणबुडे आले. मीही तिथं होते. मला नुकतंच डायव्हिंग येऊ लागलं होतं. मी म्हटलं, मला जाऊ द्या. त्यांच्यातला मोठा होता त्यानं माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "भाऊ शोधायला बहिणीला खाली सोडत नाहीत, बाई." त्याचं बरोबर होतं. ते रोज उतरत राहिले. खाली गाळ फार, आणि एका हद्दीनंतर त्यांनाही जाता येत नव्हतं. शेवटी त्यांनी दोर गुंडाळले. दादा सापडला नाही.

सापडला नाही, म्हणून आईच्या लेखी तो बुडालाच नाही. त्याला पोहता येत होतं, लहानपणापासून. कोणी सांगितलं की त्याला बेळगावच्या बसस्टँडवर पाहिलं. मामा जाऊन आले. कोणी सांगितलं कोल्हापूरला एका गॅरेजमध्ये आहे. मामा पुन्हा गेले. नंतर नंतर कुणी सांगेनासं झालं, तरी आई वाट बघायची सोडेना. भटजींनी एकदा विषय काढला तर म्हणाली, "जित्या माणसाचा श्राद्ध करतत काय?" वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच राहिलं, कपाळावर कुंकू तसंच. मूलबाळ नव्हतं. ती हायवेवरच्या औषधांच्या दुकानात काम करायची, घरी येऊन आईची औषधं बघायची. वर्षातून एक दिवस, दादा नाहीसा झाला त्या तारखेला, ती सकाळी उठून माहेरी जायची. माहेर दोडामार्गाकडे. संध्याकाळी परत यायची. त्या दिवशी तिला या घरात बसवत नसणार, असं मी धरून चालले होते.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी माझं सामान मागच्या ओट्यावर मांडलं. वहिनी भांडी घासत होती.

"उद्या खय?" तिनं विचारलं.

"डिचोलीक."

"डिचोलीक समुद्र खय आसा?"

"यंदा गोडा पाणी आसा, वयनी. तळ्यातला."

हातातला डबा तिनं घासून धुतला होता, तो पुन्हा घासायला घेतला.

सकाळी आम्ही खाणीवर पोचलो तेव्हा उन्हं नुकतीच कडेवरून आत उतरत होती. लाल मातीच्या उंच पायऱ्या चहूबाजूंनी खाली गेलेल्या, आणि मधोमध पाणी. त्याचा रंग मला आजही सांगता येत नाही. हिरवा म्हणावा तर निळा दिसायचा. वाऱ्याचा शिरकाव नव्हता, म्हणून पाण्यावर सुरकुतीही नव्हती. दहा-बाराजण आले होते, बरेचसे पुण्या-बंगळूरचे. ते खूश होते. मी काठावर उभी राहून तराफा बघत होते. तोच तराफा. पिंपं नवी रंगवली होती.

तराफ्यावरून एक माणूस काठावर आला. साठीच्या आसपासचा, अंगात बनियन, कमरेला पंचा. दादानंतर पंपावर लागलेला हाच, हे मला ठाऊक होतं. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. सगळे सिलिंडर चढवायला लागलेले बघून तो हात वर करून म्हणाला, "वायच थांबा. आधी राखणदाराक सांगूक व्हया."

काठाला एका सपाट दगडाला शेंदूर लावलेला होता. त्यानं त्यावर बिडी ठेवली, पेल्यातून थोडी दारू ओतली, हात जोडून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. पुण्याच्या मुलीनं त्याचा फोटो काढला. आमच्या भागात हे नवीन नाही. डोंगराला, शेताला, बांधाला राखणदार असतो, देवचार म्हणतात त्याला. त्याला न सांगता कोणी कुदळ मारत नाही. पण दगडावर आणखी काहीतरी होतं. वाळून कडक झालेला, मुंग्यांनी पोखरलेला एक उंडो. आमच्याकडचा पोदेर सकाळी सायकलवरून विकतो तो गोल जाड सालीचा पाव. देवचाराला भाकरीचा रोट देतात. उंडो दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

पुण्याच्या मुलीनं विचारलं, "काका, राखणदार म्हणजे कोण?"

तो म्हणाला, "पयलो होतो तो डोंगराचो. डोंगर कापून नेलो, मगे तो खय गेलो कोणाक म्हायत. आता आसा तो पंपार होतो. हयच बुडलो. तो आता कोणाक बुडूक देणा नाय. दोन वर्सामागे एक बाई कपडे धुताना घसारली. पोवता येय नाय तिका. म्हणाली, खालसून कोणीतरी ढकलून वर काढल्यान."

सगळे ऐकत होते. कुणी हसलं नाही, त्यांना ते आवडलं असावं. माझ्या जोडीदारानं माझा वजनाचा पट्टा उचलून माझ्या कमरेला बांधला आणि बक्कल घट्ट करताना हलकेच म्हणाला, "जायचं नसेल तर अजून सांग."

मी त्या माणसाजवळ गेले. विचारलं, "मी काय सांगू राखणदाराक?"

"नाव सांगा आपला. आणि येतंव म्हणा."

मी पाण्याजवळ वाकले. माझ्या सख्ख्या भावाला मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, येतंय.

गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा लवकर खाली जातो. वरचं पाणी कोमट होतं. थोडं खाली गेल्यावर एकदम गार झालं, अंगावरून ओलं फडकं ओढावं तसं. त्या गारव्याच्या खाली दृष्टी मोकळी झाली. एवढं स्वच्छ पाणी मी आमच्या मुलखात कधी पाहिलं नव्हतं. खाणीच्या पायऱ्यांवर पूर्वी लावलेली अकेशियाची झाडं तशीच उभी होती, पानं नसलेली, फांद्यांवर तपकिरी मऊ साय बसलेली. बारीक मासे त्या फांद्यांमधून चिमण्यांसारखे जात होते. आणि झाडांच्या पलीकडे रस्ता होता.

ट्रकांचा रस्ता. रुंद, कडेला मातीचा बांध घातलेला, उतरत जाऊन वळणारा. चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसत होत्या. वरून येणारं ऊन त्या रस्त्यावर पडलं होतं, आणि वळणाच्या पुढे ते संपत होतं. तिथून खाली पाणी आधी गडद हिरवं आणि मग काळं. मी त्या रस्त्यावर तरंगत होते. ज्या हवेतून दादाचा ट्रक वर यायचा तिथं आता मी होते.

मी फोटो काढू लागले. हाताला सवय असते, म्हणून काढता आले. मग मला आवाज ऐकू आला. एका लयीत, दूर, जड. पंप चालू असताना येतो तसा. मी जोडीदाराकडे पाहिलं. तो एका फांदीवरचा मासा बघत होता. आवाज वरून येतोय की खालून, ते पाण्याखाली कळत नाही. मी श्वास रोखला, तरी तो होताच.

मी वळणाच्या दिशेनं थोडी खाली गेले. थोडी आणखी. हातावरच्या यंत्रात खोली दिसत होती, आमची ठरलेली हद्द जवळ आली होती, हे मला समजत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. वळणाच्या पुढे काय आहे एवढंच बघायचं होतं. त्याच वेळी मला वाटलं की माझ्या मागे, वरच्या अंगाला, रस्त्यावर कोणीतरी उभं आहे. दादाला एक सवय होती. मी परीक्षेचा अभ्यास करत बसले की तो कामावरून येऊन काही न बोलता मागे येऊन उभा राहायचा. मी वळून बघेपर्यंत उभाच. वळले की विचारायचा, "जेवलंस?" तसं कोणीतरी उभं होतं. मी वळले.

कोणी नव्हतं. रस्ता वर जात होता, दोन्ही बाजूंना ती झाडं, आणि मधोमध उन्हाचा एक उभा पट्टा. मी कॅमेरा उचलला आणि तो एक फोटो काढला. तेवढ्यात जोडीदारानं येऊन माझं मनगट धरलं आणि अंगठा वर केला. वर चल. त्यानं पाण्यातून बाहेर येईपर्यंत मनगट सोडलं नाही.

काठावर बसल्यावर मी त्याला विचारलं, "तुला पंपाचा आवाज आला?"

"पंप सकाळपासून बंद आहे," तो म्हणाला. "खोल गेलं की आपलंच रक्त कानात वाजतं."

"पण तुला आला का?"

तो मास्क पुसत राहिला. मग म्हणाला, "आला."

बाकीचे दुसऱ्या फेरीला उतरले. मी गेले नाही. पंपवाल्यानं चुलीवर बिनदुधाचा चहा केला होता, त्यातला एक पेला मला आणून दिला. मी त्याला म्हटलं, "तुमचो राखणदार, तो माझो भाव."

तो माझ्यासमोर मातीत बसला. त्यानं दोन्ही हात जोडले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "तुमी काय वायट करूक नाय. त्येची आठवण ठेवलास."

"बाय," तो म्हणाला, "मगे ती येता ती तुझी कोण?"

"कोण येता?"

"वर्साक एकदा येता. त्याच दिसाक. पयल्या वर्सापासून. बसीन येता, मगे मेन रस्त्याकडसून चलत. बारीक अंगाची, कुंकू लायलेली. कोणाकडे बोलना नाय. दोन उंडे हाडता, एक दगडार ठेवता, एक पाण्यात सोडता. दुपारपर्यंत बसता आणि जाता. गावातल्यांनी तिचाच बघून हयसर शेंदूर लावल्यानी, तेय आता उंडो ठेवतत. आमका वाटला ती त्येची भयण."

दादाला सकाळच्या चहाबरोबर उंडो लागायचा. चहात बुडवून, साल आधी खाऊन. हे सांगायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

मी घरी आले तेव्हा दिवस कलला होता. आई शेजारी गेली होती. वहिनी दुकानातून नुकतीच येऊन चुलीपाशी बसली होती. मी तिच्या शेजारी पाटावर बसले. काय विचारायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

ती आपणच म्हणाली, "त्या पंपवाल्यान सांगल्यान?"

"होय."

"माका वाटलाच. काल तू डिचोली म्हणालंस तेव्हाच."

"तू माका कित्याक सांगूक नाय, वयनी?"

"तुका सांगलंय असतंय तर तू आयेसमोर गप रवली असतंस? तुझ्या तोंडार सगळा दिसता." ती लाकूड आत सरकवत होती. "माका पयल्या दिसापासून म्हायत होता. चपला काढून ठेवणारो माणूस पळून जाता काय? पण आये वाट बघता. मी गळ्यातला काढलंय तर ती खयच्या आधारार बघतली?"

मग तिनं लाकडं तशीच सोडली आणि माझ्याकडे वळली. "थय खाली कसा आसा? गाळ आसा?"

एवढ्या वर्षांत तिला हे विचारायला कोणी मिळालं नव्हतं. मी तिला सांगितलं. कोमट पाणी, मग गार पाणी, झाडं, मासे. आयोजकांनी फोटो उतरवून घेऊन कार्ड काठावरच परत दिलं होतं, ते लॅपटॉपला लावून तिला फोटो दाखवले. ती पदराला हात पुसून एकेक बघत गेली. शेवटच्या फोटोवर थांबली. म्हणाली, "उजेड आसा." आणि थोड्या वेळानं, "माका वाटायचा काळोख आसतलो. चिखल आसतलो. तो माणूस काळोखाक भियायचो, तुका म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. माझा दादा कशाला भीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्याच फोटोला गोड्या पाण्याच्या विभागात दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं की चित्रात माणूस नाही, तरी कोणीतरी आताच इथून गेलं असावं असं वाटतं. पणजीत निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. माझा फोटो मोठा करून शेवटच्या भिंतीवर लावला होता. शाळेतले सहकारी येऊन गेले, अभिनंदन करून गेले. दोन-तीन अनोळखी माणसांनी मला विचारलं की उन्हाच्या पट्ट्यात तो कोण उभा आहे, तुमचा जोडीदार का. मी सांगितलं, तिथं कोणी नाही. त्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं.

आईला मी नेणार नव्हते. तीच म्हणाली, "लोक बघूक जातत, मगे मी कित्याक नको?" वहिनी तिच्याबरोबर आली. आईनं सगळे फोटो ओळीनं पाहिले, प्रत्येक माशाचं नाव विचारलं. शेवटच्या भिंतीपाशी आली आणि तिथं उभी राहिली. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी आईच्या कोपराला धरून उभी होती.

"ह्यो खयचो रस्तो?" आईनं विचारलं.

वहिनी म्हणाली, "खाणीचो, आये. डिचोलीचो."

आईनं मान हलवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खाली जाता की वर येता?"

"दोनय," वहिनी म्हणाली.

परतताना मी गाडी चालवत होते, त्या दोघी मागे होत्या. म्हापसा मागे पडल्यावर आई बाहेर बघत बोलायला लागली, जणू बाजारातलं काही सांगतेय. "पोदेराक विचारलंय मी. वर्साक एका दिसाक तू दोन उंडे जास्ती घेतस, आणि म्हायेराक जातंय म्हणान जातस. तुझ्या म्हायेराक उंडे खाणारा कोण आसा?"

मी आरशात बघायचं टाळलं.

"गळ्यातला ठेवचा तर ठेव," आई म्हणाली. "काढचा तर काढ. माझ्यासाठी म्हणान नको, गो."

वहिनीनं मंगळसूत्र काढलं नाही. का, ते मी विचारलं नाही, आईनंही नाही. त्या वर्षी दादाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. आई गाडीतून उतरली, काठापर्यंत चालत आली, पाणी पाहिलं. तिनं घरून भाकरी करून आणली होती, ती दगडावर ठेवली आणि म्हणाली, आता चला.

आता खाणी पुन्हा चालू होतायत. आमची ती खाणही. पाणी उपसायला मोठे पंप आले, तराफा काठावर ओढून ठेवला. पंपवाल्याला वर पहाऱ्यावर ठेवलंय. त्यानंच फोन करून सांगितलं की झाडांचे शेंडे दिसायला लागलेत. नंतर कळवलं, रस्ता दिसतो. स्पर्धेचा तो विभाग अर्थात बंद झाला. यंदा मी नाव दिलं नाही. पुढच्या वर्षीचं अजून ठरवलेलं नाही.

गेल्या रविवारी वहिनी आणि मी तिथं गेलो. पंपवाल्यानं साहेबांना विचारून आम्हाला खाली सोडलं, पण पाण्यापासून लांब राहा म्हणाला. रस्त्यावरचा गाळ वाळून तडकला होता, पायाखाली खापरांसारखा मोडत होता. दोन्ही बाजूंना ती मेलेली झाडं, उन्हात पांढरी पडलेली. मासे काही खड्ड्यांत अडकून राहिले होते, बगळे येऊन ते टिपत होते. जिथून फोटो काढला होता ते वळण आलं तेव्हा मी वर पाहिलं. मी जिथं तरंगत होते तिथं आता नुसती हवा होती, आणि खूप उंच. माझ्या मानेवर काटा आला. पाण्यात असताना आला नव्हता.

वहिनी वळणावर थांबली. बांधाच्या मातीला हात लावून म्हणाली, "लग्न झाल्यार आठव्या दिसाक माका हय हाडल्यानी होती. ट्रकात बसवून, खाण दाखवूक. मी वर बघलंय आणि रडाक लागलंय. म्हटलंय, हो डोंगर आंगार पडतलो. तर ह्याच वळणार गाडी थांबयल्यानी आणि हसाक लागले. म्हणाले, डोळे मिट, मी सांगलंय काय उघड." तिनं बांधाचं एक ढेकूळ बोटांनी चुरलं. "मी मिटले. आणि वर येईपर्यंत त्यांनी उघड म्हणान सांगूकच नाय."

वळणाच्या खाली पाणी उरलं होतं. निळं-हिरवं नाही, लाल, चहासारखं. पंपांच्या जाड नळ्या त्यात गेल्या होत्या. दादा सापडायचा असेल तर आता हे पाणी संपल्यावरच. आम्ही बांधावर बसलो. तिनं पिशवीतून काही काढलं नाही, या खेपेला तिनं काही आणलं नव्हतं. पहाऱ्यावरून पंपवाल्यानं हाक मारेपर्यंत आम्ही पाण्याकडे बघत बसलो. चढण चढताना ती दमली. मी हात दिला, तो तिनं वर येईपर्यंत धरून ठेवला.

घरी आलो तर आई ओट्यावर चिंच निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"पाणी किती रवला?"

वहिनीनं चपला काढल्या, पाय धुतले आणि तिच्या समोर बसली. "बरासा आसा अजून," ती म्हणाली. "पावसाआधी संपूचा नाय."

आईनं सूप थोडं तिच्या बाजूला सरकवलं, आणि दोघी चिंच निवडू लागल्या.